मिस्त्री, काटा आणि चौथं माप

रविवार, ७ फेब्रुवारी १९७१. सकाळचे साडेसात. भिंगारच्या पलीकडची, वापरात नसलेली धावपट्टी. हजर: डॉक्टर भालेराव, गाडीसह. भालेराववहिनी, डब्यासह. कंपाउंडर रघुनाथ. गाडी पाहायला आलेले पुण्याचे एक गृहस्थ. लक्ष्मण मिस्त्री, स्वतःच्या स्टुलासह. आणि घड्याळ व वही घेऊन मी.

स्टुलाची नोंद मुद्दाम केली आहे. आजारी गाडीपुढे गेलं की मिस्त्री आधी वीस पावलं लांब जाऊन ते स्टूल मांडत, त्यावर मालकाला बसवत आणि स्वतः उभे राहून चौकशी करत. गाडीच्या देखत तिच्या दुखण्याविषयी बोलायचं नाही, असा त्यांचा नियम होता. का, असं मी एकदा विचारलं होतं. "तिला ऐकू जातं," ते म्हणाले. "मंग ती तसंच वागती."

लष्करी वर्कशॉपात तीस वर्षं फिटर म्हणून काढून मिस्त्री गेल्या दिवाळीत निवृत्त झाले. त्यांची हत्यारं दोन: एक लांब स्क्रूड्रायव्हर आणि स्वतःचे कान. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते डोळे मिटत. डॅशबोर्डवरच्या काट्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. काटा म्हणजे गावातला चुगलखोर, अर्धं खरं सांगतो आणि अर्धं मनचं, असं म्हणत. आणि प्रत्येक चौकशी एकाच वाक्यावर येऊन थांबे: "गाडी खोटं बोलत न्हाई. मालक बोलतो."

आम्ही पाच-सहा हौशी मंडळी दर हिवाळ्यात परवानगी काढून त्या धावपट्टीवर गाड्या पळवत होतो. वेळ घेणं माझ्याकडे. डॉक्टरांची गाडी दोन दारांची, जुनी, विलायती आणि इतकी बुटकी, की ते त्यातून व्हिजिटला गेले म्हणजे पेशंटच्या घरचे त्यांना हात देऊन बाहेर काढत. त्या सकाळी पहिल्याच फेरीत तिच्या ऑइल प्रेशरचा काटा घसरला आणि तिसरा गिअर आपोआप निसटला.

डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की इंजिन उघडायची वेळ आली तर गाडी पुण्याला द्यायची. सुटे भाग मिळत नाहीत आणि दवाखान्यातून सवड होत नाही. पुण्याचे गृहस्थ त्यासाठीच एसटीने आले होते. हे मिस्त्रींना कळलं. स्वच्छ असलेला स्क्रूड्रायव्हर त्यांनी दोनदा पुसला.

मग डॉक्टर स्टुलावर बसले. कधीपासून आहे, गार असताना होतं की तापल्यावर, यापूर्वी कुणाला दाखवलं होतं का. रोज हेच प्रश्न इतरांना विचारणारे डॉक्टर गुडघ्यांवर हात ठेवून खाली मान घालून उत्तरं देत होते. "तापल्यावर," ते म्हणाले. "म्हणजे पळवल्यावर."

"तापल्यावर का पळवल्यावर? दोन येगळे आजार हायेत."

डॉक्टरांना सांगता येईना. म्हणून दुसरी फेरी. डॉक्टर चाकावर, मिस्त्री शेजारी, आणि मागच्या अर्ध्या सीटवर पाय पोटाशी घेऊन मी. काटा मी मोठ्याने वाचायचा आणि मिस्त्री नुसते ऐकणार, असं ठरलं. एवढा तिरस्कार काट्याचा, असं मला वाटलं. सावकाश चालताना चाळीस. पळवली की तीस, वीस, थरथर. थांबवून उभी केली की पुन्हा चाळीस. मध्येच तिसरा निसटला आणि दांडा डॉक्टरांच्या गुडघ्यावर आपटला.

पुण्याच्या गृहस्थांनी लांबूनच निदान केलं: बेअरिंग गेली, इंजिन उघडावं लागणार. हे सांगताना त्यांचा चेहरा फार दुःखी नव्हता.

"बेअरिंग गेली असती तर तापल्यावर उभ्या गाडीत काटा पडला असता," मिस्त्री म्हणाले. "आन खालनं ठोका आला असता. हिचं उलटं हाय."

त्यांनी ऑइलची पट्टी उपसली. बघितली नाही. अंगठा आणि बोट तिच्यावरून वरपर्यंत फिरवलं, चोळलं, वास घेतला. "फेस हाय," ते म्हणाले. ऑइल इतकं जास्त झालं होतं, की आतला फिरता दांडा ते ताकासारखं घुसळत होता. पंपात फेस जात होता, आणि फेसाला प्रेशर कुठलं?

आता प्रश्न एकच: वाढलं कुणी? स्टुलावर एकेक जण बसला. डॉक्टरांनी शुक्रवारी अर्धा लिटर घातलं होतं. ते विसरतील म्हणून रघुनाथने शनिवारी सकाळी अर्धा. आणि दोघंही विसरतील म्हणून वहिनींनी संध्याकाळी अर्धा. वहिनींना त्यात काही चुकलं असं वाटत नव्हतं. लांब निघालेल्याला आपण घासभर जास्तच वाढतो, असं त्या म्हणाल्या.

"बिचारीला पुरे म्हनायची सोय न्हाई," मिस्त्री म्हणाले.

गिअरचा रोगही घरचाच निघाला. खालून गरम वाफ लागू नये म्हणून वहिनींनी दांड्याभोवती जुन्या लुगड्याची जाड चौघडी खोचली होती. दांडा तिला अडे, गिअर अर्धाच बसे आणि पहिल्या हिसक्याला बाहेर येई. मिस्त्रींनी चौघडी काढून, घडी घालून, वहिनींना अदबीने परत दिली.

नंतर ते गाडीखाली आडवे झाले आणि जादा ऑइल तुपाच्या रिकाम्या डब्यात सोडलं. पट्टीवरची खूण मी वाचून सांगत होतो. मला सवय असल्यामुळे डब्यातलं ऑइल मी दवाखान्याच्या अर्ध्या लिटरच्या मापाने मोजलं. चार मापं भरली. कबुल्या तीन होत्या. तसं मी बोलूनही दाखवलं.

गाडीखालून आवाज आला, "गाडी खोटं बोलत न्हाई, सायेब." पुढचं वाक्य मिस्त्री त्या दिवशी बोलले नाहीत.

तिसऱ्या फेरीत काटा चाळीसवर ठाम राहिला, तिसरा गिअर जागेवर राहिला आणि गाडीने तोवरची तिची सर्वांत चांगली वेळ दिली. पुण्याच्या गृहस्थांनी वहिनींच्या डब्यातली चार थालीपीठं खाल्ली आणि ते रिकाम्या हाताने परत गेले.

सोमवारी संध्याकाळी माप परत द्यायला मी दवाखान्यात गेलो. वर्कशॉपचा पाचचा भोंगा नुकताच होऊन गेला होता. मागच्या शेडमध्ये मिस्त्री एकटेच गाडीपाशी होते. त्यांनी पट्टी हात लांब करून दाराच्या उजेडात धरली, मग नाकाशी आणली, मग पुन्हा लांब नेली. बराच वेळ. शेवटी त्यांनी ऑइलचा डबा उचलला.

"मिस्त्री, खुणेपर्यंत आहे," मी म्हणालो.

डबा त्यांनी हळूच खाली ठेवला. "तेच बगत हुतो."

त्यांनी पट्टी पुसून जागेवर घातली. "भोंगा झाला की घरात पाय ठरत न्हाई," ते म्हणाले. "तीस वर्सं त्या आवाजाला हत्यारं पुसल्यात. हितं आलं की जरा बरं वाटतं. म्हनून रोज येतो." मग थांबून, "चौथं माप वहीत लिवलं का?"

"नाही."

तेव्हा मिस्त्री स्टुलावर बसले. त्या स्टुलावर त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मिस्त्रींपुढे चष्म्याचा विषय डॉक्टरांनी दोनदा काढून पाहिला. कान शाबूत आहेत, एवढंच उत्तर मिळालं. म्हणून डॉक्टरांनी आणि मी एक काम ठरवलं, आणि ते माझ्या यादीत आहे: ऑइलच्या पट्टीला खुणेच्या जागी कानशीने खाच पाडणे, अंगठ्याला लागेल इतकी खोल. मिस्त्री नसताना. कानस टेबलाच्या खणात तयार आहे. पण सकाळी गाडी व्हिजिटला असते, दुपारी ती परत येते तेव्हा मी कचेरीत असतो, आणि मिस्त्री हल्ली भोंग्याचीही वाट पाहत नाहीत, साडेचारलाच येतात.