सात बरण्या मेतकूट

एका जंगलात, बाळांनो, लालन नावाची शेकरू राहत होती. शेकरू म्हणजे झुबकेदार शेपटीची मोठी खार. नदीकाठच्या उंबरावर तिचं घरटं होतं आणि घरट्यात डोळेही न उघडलेली दोन पिल्लं होती.

हा उंबर दोन जंगलांच्या शिवेवर होता. दरवर्षी त्यावर चढायची शर्यत लागे. ज्या जंगलाचा गडी आधी शेंड्याला पोचेल, त्या जंगलाचा उंबर वर्षभरासाठी. हरलेल्यांनी त्यावरचा मुक्काम हलवायचा. लालन तीन वर्षं हरली नव्हती.

शर्यत ज्याची त्याची होती. तरी संघ होता. संघ नसता तर अस्वलाला संघप्रमुख कसं करता आलं असतं? संघात लालन होती आणि केरबा नावाचा वानर होता. दोघांचं क्षणभर पटत नसे.

"काय गं, झाड चढतेस की शेपटीनं झाडतेस?" केरबा खालून ओरडे.

"आधी तुझं तोंड आवर," लालन म्हणे आणि संतापानं दोन फांद्या वर जाई. तो मागून येई. ती आणखी वर जाई. त्यांचा सराव असा चाले.

हे बघून दरबारातल्या मोराला फार वाईट वाटलं. तो नुकताच एका लांबच्या जंगलात तीन दिवस राहून आला होता, त्यामुळे त्याला सगळं कळत होतं.

"महाराज," तो वाघाला म्हणाला, "संघाचं मेतकूट जमलं पाहिजे."

वाघानं जन्मात मेतकूट पाहिलं नव्हतं. "किती जमवायचं?" त्यानं विचारलं.

महाराजांची चूक दाखवायची पद्धत त्या दरबारात नव्हती. "सात बरण्या पुरे होतील," मोर म्हणाला. अस्वल गावात गेलं आणि घराघरांतली फडताळं धुंडाळून सात बरण्या घेऊन आलं.

झालं. लालन आणि केरबा रोज दोन्ही वेळा एका पत्रावळीवर मेतकूट-भात खाऊ लागले. समोरच्याला आग्रह केल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही, असा नियम होता. टोमणा मारला की पान उचललं जाई.

"घ्या ना, लालनताई."

"छे, आधी तुम्ही, केरबाराव."

पंधरा दिवसांत दोघांची पोटं सुटली. लालनला मनातून भीती वाटू लागली.

"साहेब, चढायचा सराव कधी?" तिनं अस्वलाला विचारलं.

"तुमचा स्वभाव अजून एकेकटाच आहे," अस्वल म्हणालं आणि तिला आणखी भात वाढला.

शर्यतीच्या दिवशी पलीकडून दोन उदमांजरं आली. त्यांनी वाटेतच एकमेकांना ओरबाडलं होतं. मोर त्यांच्यासाठी हळहळला.

लालन निघाली. अर्ध्या झाडावर तिला धाप लागली. घरटं दोनच फांद्या वर होतं. पिल्लांची चिवचिव ऐकू येत होती. आता केरबानं काहीतरी खोचक बोलावं, असं तिला फार वाटलं.

"किती सुंदर चढता हो तुम्ही," केरबा खालून प्रेमानं म्हणाला. "दमलात का? बसू या थोडं."

"तुम्ही व्हा पुढे," लालनच्या तोंडून सवयीनं गेलं.

"भलतंच. तुमच्याआधी मी कसा जाऊ?"

लालनला रडू आलं. वर जावं तर केरबाचा अपमान होणार होता. तेवढ्यात एक उदमांजर दुसऱ्याच्या डोक्यावर पाय देऊन शेंड्याला पोचलं.

उंबर रिकामा करायचा हुकूम झाला. लालननं एक पिल्लू खाली आणून गवतात ठेवलं. दुसरं आणत होती, तोच वाघानं सभा भरवली.

"सातही बरण्या संपल्या, महाराज," अस्वलानं अहवाल दिला. वाघ प्रसन्न झाला. त्यानं अस्वलाला 'संघरत्न' किताब दिला आणि मोराला आणखी एका लांबच्या जंगलात पाठवायचं ठरवलं.

"लालन, तुला काही म्हणायचंय?" वाघानं विचारलं.

लालनच्या तोंडात पिल्लू होतं. सभेत तिच्या समजूतदारपणाचं फार कौतुक झालं.

तात्पर्य : एकट्यानं हरलं तर नाचक्की होते, मिळून हरलं तर सत्कार होतो. म्हणून बाळांनो, घर गेलं तरी चालेल, पण कुणाला टोमणा मारू नका.