एक्केचाळीस उजैर

एक बटण दाबून मी एक्केचाळीस शाखा मार्गी लावणार होतो. एका सकाळीत! हे मी आमच्या शेतमाल संघाचे मॅनेजर वामनराव यांना सांगितलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही दारातला नंदीबैल पावसाचं सोडून शेअर बाजाराचं सांगू लागला.

"एक्केचाळीस? एकाच बटनात?"

"हो साहेब."

"अन् बटन चुकलं तं?"

मी हसलो. प्रश्न किती हुशारीचा होता ते मला रविवारी कळलं. ही गोष्ट गुरुवारची.

संघाचं ऑफिस अमरावतीच्या राजापेठेत, आणि शाखा अमरावती-अकोला दोन्ही जिल्ह्यांत, पार धारणीच्या जंगलापर्यंत. सोमवारपासून कापूस खरेदी सुरू होणार होती आणि नोंदणीचा नवा प्रोग्राम प्रत्येक शाखेच्या कॉम्प्युटरवर बसवायचा होता. माझ्या आधीचे साहेब हे काम एसटीनं करत. पिशवीत सीडी घेऊन निघाले की शेवटच्या शाखेत पोचेपर्यंत प्रोग्राम जुना होई. एकदा धारणीला जाताना जीपच्या टपावर सीडी वाकडी झाली. ती त्यांनी इस्त्री करून पाहिली!

माझा मार्ग वेगळा होता. टेम्प्लेट! माझे अब्बा शाळेचे गणवेश शिवतात. पंधरा कापडं एकावर एक ठेवायची, वर कागदाचा फर्मा ठेवायचा, कात्री चालवायची, पंधरा शर्ट एकदम. टेम्प्लेट म्हणजे तोच फर्मा. एक मशीन सगळ्या सोयींनिशी तयार करायचं, त्याचा फर्मा घ्यायचा, आणि इंटरनेटच्या लाइनवरून सगळ्या शाखांवर कात्री.

अब्बा एवढंच म्हणाले, "बेटा, कापायच्या आधी फर्मा झटकून पाह्यत जाय. त्याले कायकाय चिकटलेलं असते."

पण अब्बांना कॉम्प्युटरमधलं काय कळतं!

तर फर्मा कुठल्या मशीनचा घ्यायचा? संघातलं सगळ्यात नीटनेटकं मशीन माझं. मी माझ्याच मशीनचा घेतला. गुरुवारी सकाळी अकरा वाजता बटण दाबलं. बारा वाजता एक्केचाळीसही शाखांत प्रोग्राम चालू! वामनरावांनी पेढे मागवले. फक्त त्यांचा स्वतःचा कॉम्प्युटर मी सोडला होता, कारण त्यावरचं प्लास्टिकचं कव्हर ते कोणाला काढू देत नसत.

आता माझ्या मशीनवर आणखी काय होतं, ते सांगतो. जरा लाज वाटते, पण सांगतो.

रविवारी माझा रिश्ता ठरायचा होता. मुलगी अरीबा. राजापेठेतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये ती शिकवायची आणि तिथला प्रिंटर दुरुस्त करायला मी अकरा वेळा गेलो होतो. प्रिंटर फक्त पहिल्या वेळी बिघडला होता. तिचे अब्बा, गयासुद्दीनसेठ, यांचं परतवाड्यात बी-बियाणं आणि खताचं दुकान. त्यांची अट एकच, जावई पक्क्या नोकरीचा. मी संघात कंत्राटावर. दर एकतीस मार्चला माझी मुदत संपते आणि एप्रिलमध्ये कधीतरी वाढवून मिळते. मधले दिवस मी कोण असतो, ते कोणालाच ठाऊक नसतं. माझ्या अम्मीनं, हाजराबीनं, निरोप धाडताना "पोरगा संघात हाय" इतकंच कळवलं होतं. सेठांचं उत्तर आलं, "माय-बापाले मी ओळखतो. पोरगा एकटा पाठवा. बसून पाह्यतो."

मी विसराळू. म्हणून अम्मीच्या सगळ्या सूचना मी कॉम्प्युटरवर आठवण म्हणून लावून ठेवल्या होत्या. दर अर्ध्या तासानं पडद्यावर झळकत :

"रविवार, सकाळी ११. परतवाडा, बसस्टँडमागे, गयासुद्दीनसेठ यांचे घर. पांढरा शर्ट. हसायचे नाही. विचारल्याशिवाय बोलायचे नाही. पगाराचे निघाले तर 'व्यवस्थित आहे' म्हणायचे. दुसरा चहा घ्यायचा नाही. विसरू नये!!!"

फर्म्याला चिकटलेलं होतं ते हे. आणि माझं नाव!

शुक्रवारी अकोट शाखेच्या ओमप्रकाशभाऊंचा फोन आला.

"उजैरभाऊ, हा नवा प्रोग्राम मले उजैर म्हनून राहिला. उघडला का 'नमस्कार उजैर'!"

"छोटी गोष्ट आहे भाऊ. सोमवारी नावं बदलतो. तोवर सगळ्यांनी उजैर म्हणूनच काम करा. कशाला हात लावू नका."

"बरं. अन् रविवारचं पक्कं ना?"

मी लाजलो. म्हटलं, अम्मीनं अकोटापर्यंत पोचवलेलं दिसतं!

"तुम्हाला कसं कळलं?"

"सगळ्याच शाखांले कळलं ना! आमी येऊन राहिलो. फक्त शर्ट पांढराच पायजे का? माह्यापाशी बदामी हाय."

किती गमतीशीर माणूस, असं मला वाटलं. "बदामी चालेल भाऊ," मी म्हटलं. "दुवा करा!"

"ते तं करूच," ओमप्रकाशभाऊ गंभीर आवाजात म्हणाले.

आता तुम्ही म्हणाल, शाखांतली माणसं काय खुळी होती? मुळीच नाही! ती वर्षंच तशी होती. कापसाचं जे काही झालं होतं, ते पाहायला आमच्या भागात समित्या येत. आधी मुंबईची, मग दिल्लीची, मग दिल्लीच्या समितीनं काय पाहिलं ते पाहायला तिसरी. प्रत्येक समितीच्या आधी वरून सूचना येई, अमुक ठिकाणी या, धड कपडे घाला, तोंड उघडू नका, सगळं व्यवस्थित आहे म्हणा. चहासुद्धा एकच. त्यामुळे मुख्य ऑफिसच्या नव्या प्रोग्राममधून दर अर्ध्या तासाला हुकूम येऊ लागल्यावर कोणी "काहून?" म्हणून विचारलंसुद्धा नाही. उलट तीन उद्गारचिन्हं पाहून त्यांनी ताडलं, समिती मोठी आहे!

रविवारी माझी एसटी उशिरा सुटली. परतवाड्याला पोचलो तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. सेठांच्या घरासमोर दोन जीप, सतरा मोटारसायकली आणि जोड्यांचा ढीग! म्हटलं, घरात कोणी गेलं की काय?

त्याआधी काय घडलं होतं, ते मला अरीबाच्या काकांनी, गुलफामचाचांनी नंतर सांगितलं. सांगताना ते दोनदा पाणी प्यायले.

सकाळी नऊ वाजता पहिला पांढरा शर्ट आला. धारणी शाखेचे सहदेवभाऊ. धारणीला लाइन दिवसातून दोनदाच येते, म्हणून त्यांनी सूचना तळहातावर लिहून घेतल्या होत्या. आले, तळहात पाहिला, बसले. बोलले नाहीत. मग तेल्हारा आलं, चांदूर बाजार आलं, मूर्तिजापूर जीप करून आलं. साडेदहाला बैठकीत एकोणतीस माणसं भिंतीला टेकून ओळीनं बसली होती. अठ्ठावीस पांढरे शर्ट आणि एक बदामी. कोणी हसेना. कोणी बोलेना.

गयासुद्दीनसेठांना वाटलं, धाड! त्या हंगामात बोगस बियाण्यांवरून दुकानादुकानांवर धाडी पडत होत्या. सेठांचा माल चोख होता, पण कागद कितीही सरळ असला तरी साहेब पाहू लागला की तो वाकडा दिसू लागतोच.

"गुलफाम, बिलं आन! परवाना आन! गोदामाची चावी आन!"

सेठांनी बिलांच्या फायली पुढे ठेवल्या. सहदेवभाऊंनी पहिली फाइल उघडली, पान न् पान पाहिलं आणि शेजारच्याकडे सरकवली. समितीसमोर कागद आला की पुढे सरकवायचा, ही आमच्या संघाची जुनी शिस्त. फाइल एकोणतीस हातांतून फिरून सेठांकडे परत आली. एकाच्याही तोंडून शब्द नाही!

चहा आला. सगळ्यांनी घेतला. सेठांनी दुसरा चहा पुढे केला. एकोणतीस हात एकदम कपावर आडवे!

"भाईजान," गुलफामचाचा कानाशी लागले, "दुसरी चाय नई लेते. ये लोग बिकने वाले नईं."

तरी सेठांनी शेवटचा प्रयत्न केला. हात चोळत, अगदी आडून विचारलं, "साहेब, आजकाल पगारात भागते का हो?"

आणि एकोणतीस माणसं एका आवाजात म्हणाली, "व्यवस्थित आहे!"

सेठांनी गोदामाची चावीही पुढे ठेवली.

नेमका याच वेळी मी आत शिरलो. पांढरा शर्ट, हसू नाही, अम्मीनं सांगितल्याप्रमाणे. पाहतो तो काय, आमच्या शाखाच शाखा! ओमप्रकाशभाऊंनी डोळ्यानंच विचारलं, समिती कुठंय? मी डोळ्यानंच विचारलं, तुम्ही इथं कसे? डोळ्यांच्या बोलण्यातून काहीच उलगडलं नाही. दाराशी जागा होती, तिथं बसलो. विचारल्याशिवाय बोलायचं नव्हतं ना!

मला पाहून सेठांना अचानक आठवलं की आज मुलगा यायचा होता. धाडीच्या दिवशी! त्यांनी हात जोडले.

"साहेब, तुमचं काम चालू द्या. पण आज माह्या पोरीचा रिश्ता येनार हाय. पोराचं नाव उजैर. तो आला असंन तं त्याले जरा बाहेर... तुमच्यात कोनी उजैर हाय का?"

गुरुवारपासून दिवसाला वीस वेळा ज्यांना "नमस्कार उजैर" वाचावं लागलं होतं, त्या माणसांनी काय करावं? एकोणतीस हात वर झाले. तिसावा माझा.

आतल्या पडद्यामागून कोणीतरी खुदकन हसलं.

"या अल्ला," सेठ म्हणाले, "एका पोरीसाठी तीस?"

आणि तेवढ्यात दारात मोटार थांबली. वामनराव! त्यांच्या कॉम्प्युटरवर कव्हर असल्यामुळे त्यांना एकट्याला निरोप गेला नव्हता. सगळ्या शाखा आपल्याला वगळून सभा भरवतायत, म्हणजे आपली खुर्ची गेली, असं धरून ते शनिवारपासून झोपले नव्हते. हातात कुठल्याशा शाखेतून काढून आणलेला सूचनांचा कागद.

"माह्या पाठीमागं सभा? कोनी बोलावली? कोन अध्यक्ष?"

वामनरावांनी कागद खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. "पांढरा शर्ट. हसायचे नाही..." प्रत्येक ओळीला मी एकेक इंच जमिनीत जात होतो. "पगाराचे निघाले तर व्यवस्थित आहे म्हणायचे" इथं गयासुद्दीनसेठांनी मान वर केली. ते व्यापारी माणूस. त्यांनी कागद मागून घेतला, खालची बारीक ओळ वाचली. तिथं लिहिलं होतं, "आठवण लावणारा : उजैर, राजापेठ."

तीस हातांतला नेमका माझा हात त्यांनी ओळखला. तो एकटाच अजून वर होता.

"म्हंजे हे साहेब नाईत? धाड नाई?"

"नाही चाचा. ही आमची शाखा... बऱ्याच शाखा."

"अन् पगाराचं काय लपवून राहिला तू? नोकरी पक्की हाय का नाई?"

मी तोंड उघडलं. पण वामनराव आधीच तापलेले. "पक्की? कंत्राटावर हाय हा! मार्चपर्यंत! अन् उद्या खरेदी सुरू, एक्केचाळीस मशीनवर एकच नाव, शेतकऱ्याच्या पावतीवर सही कोनाची येईन? उजैर! वजन कमी भरलं तं भांडाले कोनापाशी जातीन? उजैरपाशी! आजच बंद करतो याचं कंत्राट!"

सेठांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, आडवी. माझा रिश्ता आणि माझी नोकरी, दोन्ही एका बटणात!

तेव्हा पडदा सरकला आणि अरीबा बाहेर आली.

"टेम्प्लेट स्वतःच्याच मशीनवरून घेतलं?" तिनं मला विचारलं.

"...हो."

"साफ मशीनवरून घ्यायचं ना! नाव अन् शाखेची जागा कोरी सोडायची. ज्याची त्यानं भरायची. आधी एका शाखेवर चालवून पाह्यची, मंग बाकीच्या." ती वामनरावांकडे वळली. "चाचा, एक कोरं मशीन द्या. आज सांजेपर्यंत करून देतो मी."

"सगळ्या? एक्केचाळीस?" वामनराव म्हणाले.

"चाळीस. धारणीचं सहदेवचाचांच्या संग सीडीवर पाठवतो. त्यांची लाइन काही खरी नाई."

सहदेवभाऊंनी ते तळहातावर लिहून घेतलं.

वामनरावांनी त्या दुपारी आपल्या कॉम्प्युटरचं कव्हर स्वतःच्या हातानं काढलं. त्याहून कोरं मशीन साऱ्या संघात नव्हतं, कारण ते आजवर कोणी चालू केलं नव्हतं! संध्याकाळी सहापर्यंत ओमप्रकाशभाऊ पुन्हा ओमप्रकाशभाऊ झाले. सोमवारी खरेदी वेळेवर सुरू झाली. वामनरावांनी माझं कंत्राट ठेवलं, पण सिस्टिमची रिकामी असलेली पक्की जागा महिनाभरातच भरली. अरीबानं.

हे कळल्यावर मी जीव मुठीत धरून परतवाड्याला गेलो. पांढरा शर्ट घातला नाही. सेठांनी मला बसवलं, चहा दिला. दुसराही दिला. मी दोन्ही घेतले.

"माही अट काय होती?" सेठ म्हणाले. "घरात पक्की नोकरी पायजे. आता ते तं झाली." त्यांनी बशीतला चहा फुंकला. "जावई कंत्राटी चालते."

मला वाटलं, चेष्टा करतायत. लग्नाला आता काही वर्षं झाली. दर एकतीस मार्चला सासऱ्यांकडून मला मुदतवाढीचं पत्र येतं, लेखी, सही-शिक्क्यासकट. मजकूर दर साली तोच, फक्त तारीख बदलते.

टेम्प्लेट अरीबानं बनवलंय. माझ्या नावाची जागा तिनं कोरी सोडली आहे.