सासूबाई दुसऱ्या गाडीत

सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, कंट्रोलरच्या लक्षात आलं की मागच्या सीटवर झोपलेलं माणूस आपली सासू नाही. ते एक आजोबा होते. तोंडावरची पांढरी चादर खाली ओढून त्यांनी आधी खिडकीबाहेरच्या समुद्राकडे पाहिलं, मग पुढच्या दोन अनोळखी मानांकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "जावई कुठं गेले?"

"मीच जावई," कंट्रोलर म्हणाला.

"माझे नव्हे," आजोबा म्हणाले.

कंट्रोलरने गाडी नारळाच्या झाडाखाली घेतली आणि बंद केली. बायकोने मागे वळून पाहिलं, परत पुढे पाहिलं, परत मागे पाहिलं. मग तिने विचारलं, "अहो, आई कुठेय?" हा प्रश्न तिने नवऱ्याला विचारला, पण उत्तर आजोबांनी दिलं. ते म्हणाले की झोपताना गाडीत त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं, त्यामुळे आईंचा ठावठिकाणा त्यांना सांगता येणार नाही.

कंट्रोलर म्हणजे बस डेपोतला वाहतूक नियंत्रक. काचेच्या केबिनमध्ये बसून, माइकवरून बसगाड्या वेळेवर बाहेर काढणं हे त्याचं काम. हाताखालून हजारो माणसं रोज योग्य ठिकाणी रवाना करणारा हा गृहस्थ सुट्टीवर दोन माणसं घेऊन निघाला आणि त्यातलं एक बदलून बसला, ही गोष्ट डेपोत कळली तर काय होईल, याचा विचार त्याने मनातून लगेच काढून टाकला. त्याहून मोठी काळजी समोर होती.

सासूबाई एकट्या राहत. मागच्या वर्षी जिन्यावर पाय घसरल्यापासून बायको दर शनिवारी त्यांच्याकडे धावे आणि रविवारी अर्धमेली होऊन परते. आईने कायमचं आपल्याकडे यावं, अशी तिची फार इच्छा होती. कंट्रोलरचीही होती. सासूबाई घरात असल्या की वर्तमानपत्र वाचून त्यावर भांडायला कुणीतरी असतं, हे तो उघड बोलत नसे, पण त्याला ते हवं होतं. सासूबाईंनी हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. "आठ दिवस तुमच्याबरोबर हिंडून बघते. मग सांगते," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. तेव्हापासून कंट्रोलरच्या लेखी ही सहल नव्हती, उमेदवारी होती.

आणि उमेदवार नापास होण्याच्या बेतात होता. पहिल्या दिवशी एसीचा गारठा लागला. दुसऱ्या दिवशी ब्रेक जोरात बसला आणि झोपमोड झाली. वर सासूबाईंनी असंही सांगितलं की झोपलेल्या माणसाला आरशातून न्याहाळणं बरं नव्हे, दचकायला होतं. त्यानंतर कंट्रोलरने आतला आरसा छताकडे वळवला आणि गाडीत नियम केला: आई झोपल्या की कुणी मागे वळायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही. सासूबाई गाडी सुरू झाली की झोपत. म्हणजे नियम दिवसभर चाले.

घोटाळा झाला तो दक्षिण टोकाला, जिथे लाट खडकाच्या भोकातून कारंज्यासारखी उसळते. सासूबाई झाडाच्या सावलीत गाडीतच झोपून राहिल्या. खिडक्या उघड्या, किल्ली गाडीला. किल्ली काढायची नाही, ही बेटावरची पद्धत. भाड्याने गाडी देणाऱ्यानेच सांगितलं होतं. "चोर गाडी चोरेल हो, पण नेईल कुठं?" त्याच्या सगळ्या गाड्या पांढऱ्या. उन्हाने स्टिअरिंग तापू नये म्हणून प्रत्येकीवर पिवळा टॉवेल, आणि खाऱ्या वाऱ्यासाठी प्रत्येकीच्या मागच्या सीटवर एक पांढरी चादर.

नवराबायको कारंजं बघून आली. पांढरी गाडी, पिवळा टॉवेल, चादरीखाली झोपलेलं माणूस. आरसा सरळ होता. बायकोने केस विंचरले असतील, असं समजून कंट्रोलरने मागे न बघता तो छताकडे फिरवला. समोर पेपरमिंटची डबी होती, ती गाडीवाल्याने ठेवली असेल म्हणून दोघांनी एकेक गोळी खाल्ली. आणि गाडी निघाली ती दुधाचं पातेलं मांडीवर असल्यासारखी. खड्डा आला की कंट्रोलर दबक्या आवाजात "सॉरी आई" म्हणे. मागून एकदाही तक्रार आली नाही.

"बघ," तो बायकोच्या कानाशी म्हणाला होता, "सवय होतेय त्यांना माझी."

आता नारळाखाली उभं राहून त्याने गाडीवाल्याला फोन लावला. गाडीवाल्याला सगळं आधीच माहीत होतं. बेटाच्या पूर्वेला दीपगृहाजवळच्या दुकानातून एका दाताच्या डॉक्टरांचा फोन येऊन गेला होता, कारण त्यांच्या मोबाइलला तिथे रेंज नव्हती. डॉक्टर कारंज्यावरून बायकोला लाटांचं शास्त्र समजावत आले, त्या नादात कंट्रोलरच्या गाडीत बसले आणि उलट दिशेने पूर्वेला गेले. दीपगृहापाशी त्यांनी "बाबा, उठा" म्हणून चादर ओढली. चादरीखालून सासूबाई म्हणाल्या, "हात लावायचं काम नाही."

"पण घाबरू नका," गाडीवाला म्हणाला. "आजी मजेत आहेत. त्यांनी अननस मागवलाय."

कंट्रोलरने निरोप दिला की डॉक्टरांनी तिथेच थांबावं, आपण येतो. फोन ठेवल्यावर तो विचार करायला लागला. बेटाला एकच रस्ता, किनाऱ्याने गोल फिरणारा. पुढे गेलं तरी दीपगृह, मागे गेलं तरी दीपगृह. गेल्या तीस वर्षांत त्याने एकही बस अर्ध्या वाटेतून मागे वळू दिली नव्हती. पण मागे गेलं तर रस्ता ओळखीचा होता, आणि सासू हरवली असताना नियम कुरवाळत बसायचं नसतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने गाडी वळवली.

तिकडे डॉक्टरही थांबायलाच तयार होते. निरोप मिळाला असता तर थांबलेही असते. पण दुकानाचा फोन दुकानाच्या आत आणि मंडळी बाहेर, आणि सासूबाईंना जावयाची पुरी खात्री. त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "आमचे जावई अर्ध्यातून मागं फिरायचे नाहीत. जीव गेला तरी फेरी पुरी करतील. तुम्ही असेच पुढं चला, समोरासमोर गाठ पडेल." डॉक्टर निघाले.

अशा रीतीने सासूने जावयाला बरोबर ओळखलं होतं आणि जावयाने नेमकं त्याच दिवशी आपला स्वभाव बदलला होता. दोन्ही गाड्या एकाच दिशेने बेटाला प्रदक्षिणा घालू लागल्या, अर्ध्या बेटाचं अंतर राखून.

आजोबा शिंपी होते, आता दुकान मुलाकडे होतं. त्यांना घाई नव्हती. उठून बसल्यावर त्यांनी पेपरमिंटची डबी मागून घेतली, कारण ती त्यांची होती. मग त्यांनी जावयाबद्दल सांगायला सुरुवात केली. डॉक्टर माणूस चांगला, पण प्रत्येक झाडाची, दगडाची, पक्ष्याची माहिती देतो. आणि नंतर विचारतो की सांगा, मी काय सांगितलं.

"म्हणून मी झोपतो," आजोबा म्हणाले. "झोप कसली येतेय. डोळे मिटले की परीक्षा टळते."

बायकोने विचारलं, "म्हणजे मघाशी तुम्ही जागे होता?"

"अर्धा तास झाला असेल. मी म्हटलं, आवाज आपल्यांचे नाहीत. पण तुम्ही इतकं हळू बोलत होता, खड्ड्यागणिक माफी मागत होता. इतक्या मायेनं मला कुणी कधी नेलेलं नाही. म्हटलं, जरा जाऊ द्यावं."

कंट्रोलरचे कान तापले. त्या अर्ध्या तासात नवराबायको काय काय कुजबुजली होती, ते त्याला एकेक आठवू लागलं.

"तुम्हाला त्यांना घरी न्यायचंय," आजोबा म्हणाले.

"हो."

"मग त्यांच्याशी बोलता का कधी?"

"त्या झोपलेल्या असतात."

"मी पण," आजोबा म्हणाले आणि गोळी गालात सरकवून बाहेर बघत बसले.

पुढे रस्त्यावर खेकडे आले. लाल, तळहाताएवढे, जंगलातून समुद्राकडे निघालेले, शेकड्यांनी. गाडी थांबवण्यावाचून इलाज नव्हता. एरवी कंट्रोलर घड्याळाकडे बघत स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसला असता. आज तो खाली उतरला आणि खेकड्यांना हात दाखवून वाट मोकळी करायचा प्रयत्न करू लागला. डेपोतल्या बसड्रायव्हरांनी जितकं ऐकलं असतं तितकंच खेकड्यांनी ऐकलं. आजोबा खिडकीतून म्हणाले की मोठ्याला आधी जाऊ द्या, बाकीचे त्याच्यामागून जातील. तसं काहीच झालं नाही, पण सगळ्यांचा वेळ बरा गेला. बायको हसत होती. सुट्टी सुरू झाल्यापासून ती मोठ्याने हसली ती तेव्हा पहिल्यांदा, कारण गाडीत कुणी झोपलेलं नव्हतं.

दीपगृहाशी पोचले तेव्हा डॉक्टरांची गाडी नव्हती. दुकानाच्या मालकिणीने उत्तरेकडे हात केला. मंडळी तिकडे गेली, आजी पुढच्या सीटवर बसून रस्ता दाखवत होती, असं ती म्हणाली.

"पुढच्या सीटवर?" बायकोने विचारलं. तिची आई आयुष्यात कधी पुढे बसलेली तिने पाहिली नव्हती. तिला कुणी "पुढे बस" म्हटलंही नव्हतं.

कंट्रोलर पाठलाग करणार होता, पण त्याच्यातला नियंत्रक जागा झाला. गोल रस्त्यावर सुटलेली गाडी फिरून तिथेच येते. आपण हलायचं नाही. त्याने गाडी दीपगृहाच्या भिंतीशी लावली, तिघांनी अननस खाल्ला, आजोबांनी त्याच्या शर्टाची कॉलर बघून ती ज्याने शिवली त्याच्याबद्दल वाईट मत व्यक्त केलं. गाडी काही आली नाही. कारण सासूबाई तोवर उत्तर आणि पश्चिम ओलांडून कारंज्याशी पोचल्या होत्या आणि डॉक्टरांना म्हणाल्या होत्या की जावई समोरून आले नाहीत म्हणजे ते कुठेतरी उभे आहेत, आता आपण हलायचं नाही.

शेवटी दोन्हीकडून फोन घेऊन घेऊन वैतागलेल्या गाडीवाल्याने कंट्रोलरला सुनावलं. "साहेब, ते कारंज्यावर तुमची वाट बघतायत, तुम्ही दीपगृहावर त्यांची वाट बघताय. कुणीतरी हला. आणि एकानंच हला."

कंट्रोलर हलला.

कारंज्यापाशी दोन पांढऱ्या गाड्या शेजारी शेजारी लागल्या. सासूबाई पुढच्या सीटवर होत्या, डोळ्यांवर डॉक्टरांच्या बायकोचा काळा चष्मा. डॉक्टर गप्प होते. त्याचं कारण त्यांच्या बायकोने कंट्रोलरच्या बायकोला बाजूला घेऊन सांगितलं. म्हणाली, "काकूंनी यांना बोलूच दिलं नाही. बेटावरच्या प्रत्येक झाडाबद्दल त्यांचं काहीतरी मत आहे. मला तर फार आवडल्या." मधे एकदा डॉक्टरांनी संधी साधून सासूबाईंची दुखरी दाढ बघितली होती, सात वर्षं लेकीला जे जमलं नव्हतं ते रस्त्याच्या कडेला, मोबाइलच्या उजेडात झालं होतं. दाढ काढावी लागेल, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. सासूबाईंचं म्हणणं होतं, बघू.

कंट्रोलर त्यांच्यापुढे उभा राहिला. माफीची तीन-चार वाक्यं त्याने वाटेत जुळवून ठेवली होती. तोंडातून निघालं ते भलतंच. "आई, समुद्र कुठून छान दिसला?"

सासूबाईंनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. "उत्तरेकडून," त्या म्हणाल्या. "तुम्ही गेलाच नाहीत तिकडं. मागं फिरलात." मग म्हणाल्या, "तुम्ही आणि मागं फिरलात. मला कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी खरं वाटलं नसतं."

आजोबा मागच्या सीटवरून उतरायला तयार नव्हते. लेकीने दोनदा हाक मारल्यावर ते निघाले आणि जाताना कंट्रोलरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले की कॉलर उसवून पाठवून द्या. पत्ता मात्र त्यांनी दिला नाही.

सासूबाई आपल्या गाडीकडे आल्या, पुढचं दार उघडलं आणि आत बसल्या. बायको मागे जाऊन बसली. उत्तरेकडे जायचं, असं ठरलं, म्हणजे सासूबाईंनी ठरवलं. वाटेत त्यांनी कंट्रोलरच्या गिअर बदलण्याला नावं ठेवली, एका माडाला माड म्हणू नये इतका तो वाकडा आहे असं सांगितलं, आणि कंट्रोलरने तो माड तसा वाकडा नाही म्हटल्यावर दोघांची चांगली अर्धा तास जुंपली. मागच्या सीटवर बायको चादर ओढून झोपी गेली.

उत्तरेच्या वळणावर, समुद्र दिसला तिथे, सासूबाई अचानक म्हणाल्या, "तुमच्या घराचं दार किती रुंद आहे?"

कंट्रोलरला ते माहीत नव्हतं. डेपोतल्या प्रत्येक फाटकाची रुंदी तो झोपेत सांगू शकला असता. "का हो, आई?"

"माझं कपाट मोठं आहे," सासूबाई म्हणाल्या. "आत जाईल का, तेवढं बघा."

त्याच संध्याकाळी कंट्रोलरने शेजाऱ्यांना फोन केला. घराची एक किल्ली त्यांच्याकडे असते. त्यांनी टेप लावून दार मोजलं, खात्रीसाठी पुन्हा मोजलं आणि माप कळवलं. कंट्रोलरने ते सासूबाईंना सांगितलं. त्यांनी मान हलवली.

कपाटाची रुंदी त्यांनी अजून सांगितलेली नाही.