बदाम थंड होईपर्यंत

एका जंगलात, बाळांनो, एक साळू, म्हणजे साळिंदर, राहत होती. तिचं नाव सगुणा. बिळात तिची दोन पिल्लं होती, आणि बिळाच्या बरोबर डोक्यावर एक वारूळ होतं.

त्या वारुळावर भिवाजी अस्वल रोज सकाळी वाळवी खायला येई. खायचं म्हणजे आधी खणायचं. भिवाजी वर खणू लागला की खाली पिल्लांच्या अंगावर माती पडे. पिल्लं शिंकत. एके दिवशी छताचं ढेकूळच धाकट्याच्या शेपटीवर पडलं.

सगुणा चिडली. तरातरा वर निघाली. दोन वाक्यांचं काम होतं. पण वाटेत तिला हुप्पाजी वानर भेटला.

हुप्पाजी नुकताच शहरातून आला होता. तिथं एका सभागृहात मेंदूशास्त्राचं शिबिर भरलं होतं आणि हुप्पाजी तीन दिवस त्याच्या खिडकीत बसून होता. बसला होता समोशांसाठी, पण कानावर पडलं तेही त्यानं सोडलं नाही.

त्यानं सगुणाला अडवलं. म्हणाला, अशी रागात जाऊ नकोस. मेंदूच्या आत बदामाएवढा एक गोळा असतो. राग आला की तो तापतो. तो तापला की पुढचा शहाणा मेंदू रजेवर जातो. मग बोललेलं सगळं फुकट. आधी बदाम थंड कर.

"किती दिवस लागतील?" सगुणानं विचारलं.

"ते बदामावर आहे," हुप्पाजी म्हणाला.

सगुणा त्याच्या शिबिराला बसली. लांब श्वास घ्यायला शिकली. समोरच्याला दोष न देता प्रत्येक वाक्य 'मला'नं सुरू करायला शिकली. भावनेला नाव द्यायला शिकली. रोज सकाळी ती डोळे मिटून पुटपुटे, हा राग आहे, ही चिंता आहे, ही माती आहे. पिल्लं डोक्यावर सागाची पानं धरून बसत.

इकडे भिवाजीच्या लक्षात आलं की साळू आपल्याकडे बघून मोठमोठ्यानं श्वास घेते. तो घाबरला. हुप्पाजीनं त्यालाही शिबिरात घेतलं.

आठव्या दिवशी दोन्ही बदाम थंड झाल्याचं हुप्पाजीनं जाहीर केलं. संवाद ऐकायला सगळं जंगल जमलं.

"भिवाजीभाऊ," सगुणा म्हणाली, "मला सकाळच्या वेळी पोटात आवळल्यासारखं जाणवतं."

"वहिनी, तुमच्या पोटात आवळतं, हे मी ऐकलं," भिवाजी म्हणाला.

"तुम्ही ऐकलंत, हे मला जाणवलं."

"तुम्हाला जाणवलं, हे मला पोहोचलं."

असं दुपारपर्यंत चाललं. मातीचं नाव कुणी काढलं नाही, कारण ते दोष देणं झालं असतं. हरणं रडली. तरसानं नाक पुसलं.

शेवटी हुप्पाजी म्हणाला, आता मिठी मारा, मिठीनं मेंदूत मायेचा रस पाझरतो. भिवाजीनं हात पसरले आणि सगुणाला घट्ट कवटाळलं.

एकोणीस काटे रुतले.

भिवाजी कळवळला. ही बाई आहे की बाभळीचं कुंपण, असं सगळ्यांदेखत बोलला. ते ऐकून सगुणा पेटली. दोघांचेही शहाणे मेंदू एकदमच रजेवर गेले.

"आणि तू रे, केसाळ्या? रोज माझ्या पोरांच्या डोक्यावर खणतोस. छत पडायला आलंय."

भिवाजी काटा उपटता उपटता थांबला. "खाली पोरं आहेत?"

"मग काय कांदे आहेत?"

"अगं, मग आधी का नाही सांगितलंस? ओढ्यापलीकडे ढीगभर वारुळं आहेत."

संध्याकाळी त्यानं चिखल आणून छत लिंपून दिलं. सगुणानं त्याच्या छातीतले उरलेले काटे काढले. दोघं एकमेकांशी चकार शब्द बोलली नाहीत. दोघांनाही फार बरं वाटलं.

हुप्पाजीनं मात्र संवाद यशस्वी झाल्याची दवंडी पिटली आणि दोघांना प्रमाणपत्र म्हणून पळसाचं एकेक पान दिलं. मग काय, सगळं जंगल शिबिराला लोटलं. आता तिथं कुणी भांडत नाही. वाघसुद्धा हरणाला आधी आपल्या भुकेचं नाव सांगतो, त्याचं म्हणणं नीट ऐकून घेतो, आणि मग खातो.

तात्पर्य: नेहमी शांत डोक्यानं बोलावं. काही सांगायचं असेल तर मात्र भांडावं.