सीलबंद भुंगेरे

बंगलोरहून आलेली काचेची बरणी काशीरामने जेवणाच्या ताटाशेजारी ठेवली, तेव्हा ललिताबाईंनी ताट उचलून पलीकडे नेले. बरणीत काळ्या, काटेरी अळ्या होत्या. तोंडाला मलमलीचे फडके, गाठीवर लाखेचे सील.

"यांचे भुंगेरे होणार," काशीराम म्हणाला. "सुबाभळीवरची कीड खातात. सरकारी आहेत."

आंबेनळीच्या रस्त्याला एका टेकडीवर सुबाभळीची सरकारी लावण होती आणि काशीराम तिचा वनरक्षक. अठ्ठ्याऐंशी साली शेंड्याशेंड्यावर बारीक कीड पडली आणि झाडे खराट्यासारखी दिसू लागली. साहेबांनी बजावले होते, लावण गेली तर बदली. ललिताबाई पोलादपूरच्या शाळेत शिक्षिका. लग्नानंतर इतक्या वर्षांनी नवराबायको प्रथमच एका गावात राहत होते.

"मग सोडा की उद्या सकाळी," त्या म्हणाल्या.

"मी कसा सोडणार? उद्घाटन साहेबांच्या हस्ते आहे. सील तेच तोडणार."

"आणि तोवर हे खाणार काय?"

काशीरामने सोबतचा कागद उलटापालटा करून पाहिला. "त्याबद्दल काही लिहिलेलं नाही."

साहेबांची तारीख पुढे गेली. मग आणखी पुढे गेली. काशीरामने नोकरीत आजवर एकही सील तोडले नव्हते. तो किडका शेंडा आणून बरणीला बाहेरून टेकवून ठेवी, निदान अन्न डोळ्यांसमोर असावे म्हणून.

लावणीला पाणी घालणारी ठकूबाई एकदा घरी आली आणि बरणीत डोकावली. "गार्डदादा, ह्या कमी झाल्या हायत."

"सील शाबूत आहे ठकूबाई. जातील कुठं?"

"एकमेकीच्या पोटात. ती बघा, शेजारणीला धरून बसलीय. भाऊबंदकी माणसांतच हाय असं नाय."

ललिताबाईही जवळ आल्या आणि तिघे वाकले. अळी घाई करत नव्हती. पुढची पंगत बसणार नाही हे ठाऊक असलेल्या माणसासारखी ती मन लावून जेवत होती. त्या दिवसापासून घरात कुणी रेडिओ लावेना. संध्याकाळी तिघे बरणीभोवती बसत आणि हळू आवाजात बोलत.

शेवटी एकच अळी उरली. तिने काचेला शेपूट चिकटवले आणि ती गप्प झाली. मग एका सकाळी तिची पाठ उकलली. आतून तुरीच्या डाळीएवढा भुंगेरा निघाला. आधी फिकट होता, बघता बघता निळा होत गेला. शाईचा थेंब वाळण्याआधी चमकतो, तसा. ठकूबाईने नकळत डोक्यावर पदर घेतला.

त्याच आठवड्यात साहेबांची जीप लावणीवर आली. काशीराम बरणी घेऊन उभाच होता. साहेबांनी बरणी उजेडात धरली.

"काशीराम, बाकीचे?"

"साहेब, हा बाकीच्यांसकट आहे."

साहेबांनी गॉगल काढला आणि बराच वेळ ते त्या भुंगेऱ्याकडे पाहत राहिले. मग दार उघडून कुणाला घरात घ्यावे तसे हळूच सील तोडून त्यांनी त्याला सुबाभळीच्या शेंड्यावर ठेवले. भुंगेरा वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. कीड कुठेच नव्हती. पानोपानी मात्र लाल, ठिपक्यांचे भुंगेरे बसले होते, परसातल्या चवळीवर येतात तेच. उद्घाटनाची वाट न बघता त्यांनी सगळ्या लावणीवरची कीड जेवून साफ केली होती. टेकडीभर नवी पालवी हलत होती. तेवढ्यात एक लाल भुंगेरा शेंड्यावर चढला. निळ्याने त्याला वाट दिली आणि महाबळेश्वरच्या दिशेने उडून गेला.

"यांना कुणी आणलं?" साहेबांनी विचारले.

"कुणी नाही साहेब. आपणहून आले."

"सील?"

"नव्हतं."

साहेब टेकडीकडे वळले. उंचवट्यावर उभे राहून त्यांनी एकदा टोपीही काढली.

परतताना चहाला ते काशीरामच्या घरी टेकले. "बाई, तुमचे यजमान साधे गृहस्थ नाहीत. यांच्या राखणीत किडे न बोलावता कामावर येतात. असा माणूस पोलादपुरात कुजवणं बरोबर नाही. चंद्रपुरात कीड सगळा साग खातेय. पुढच्या महिन्यात यांना तिकडे पाठवतो."

ललिताबाईंच्या हातातली किटली कपावर तशीच थांबली. "आणि लावण गेली असती, तर कुठे होती बदली?"

"शिक्षा म्हणून? महाडला टाकणार होतो," साहेब बशीत चहा ओतत म्हणाले.

महाड अर्ध्या तासावर, तिथली एसटी रोज दारावरूनच जाई. जीप वळणाआड होईपर्यंत ललिताबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "अहो, थोडी कीड ठेवायला काय झालं होतं?"