जिवाणूंचा पाहुणचार

मुख्य अभियंत्याने नौकेच्या तळातल्या यंत्राचं झाकण उघडलं, वाकून वास घेतला आणि तो घाबरला. छान वास येत होता.

"फिनेल," मागून सफाईच्या बाई म्हणाल्या. "अकराही न्हाणीघरांत दोन महिने रोज ओततेय. तपासणी आहे ना."

"बाई, आत जिवाणू होते."

"होते ना. एक शिल्लक ठेवला नाही."

अभियंता जिन्यावर बसला. नवा नियम कडक होता. मोठ्या नौकांनी मैला यंत्रात शुद्ध करून मगच पाणी समुद्रात सोडायचं. ते काम जिवाणू करत आणि संडासातून येईल त्यावर जगत. नौकेचा मालक आणि त्याचे पाहुणे दोन महिने फिरकले नव्हते, म्हणजे जिवाणूंना उपास पडला होता; त्यात हे विष.

कॅप्टन म्हणाला, "दहा दिवसांनी निरीक्षक येतोय. दाखला मिळाला नाही तर नौका हलणार नाही. नौका हलली नाही, तर मालक तुला हलवणार."

नवे जिवाणू डब्यातून आले. पण यंत्र तीस माणसांचं, नौकेवर माणसं कॅप्टन धरून सहा. सहाही जणांनी मनापासून प्रयत्न केले, आचाऱ्याने तर दिवसातून तीनदा. जिवाणू किती वाढले ते दाखवणारा यंत्रावरचा काटा हलेना. शेवटी अभियंत्याने बायकोला फोन केला.

"तुझ्या माहेरच्या सगळ्यांना आठवडाभर नौकेवर घेऊन ये."

"तुम्हाला बरं नाही का?"

"बरा आहे."

"माझ्या भावाला तुम्ही लग्नापासून चहा विचारला नाहीत."

"आता विचारतो. हवा तेवढा पिऊ दे."

बायको धरून तेवीस माणसं आली. कॅप्टनने मालकाला कळवलं की चाचणीसाठी साहित्य मागवलंय. अभियंत्याने पाहुण्यांना पपई कापून दिली, कडधान्यं वाढली, साडूच्या कपात स्वतः कॉफी ओतली. साडूने ती संशयाने प्यायली. दोन दिवस झाले, काटा तिथेच.

"सासूबाई, इथे काही गैरसोय होतेय का?"

"छे हो जावईबापू. फक्त त्या न्हाणीघरांत सोन्याचे नळ आहेत. अशा ठिकाणी बसवतं का कुणाला? आम्ही धक्क्यावरच्या सार्वजनिक शौचालयात जाऊन येतो. रांगेने जातो, कुणी चुकत नाही."

रात्रीच्या जेवणात अभियंत्याने सगळं खरं सांगून टाकलं. चमचे थांबले.

"म्हणजे माझं माहेर तुम्ही खत म्हणून बोलावलंत," बायको म्हणाली.

"खत नाही, जिवाणूंना जरा..."

"तुम्ही बोलू नका."

मेहुणा बॅग भरायला उठला. साडूही उठला, पण पपईची फोड घेऊन. सासूबाई मात्र हलल्या नाहीत.

"खाली बसा रे. वीस वर्षांत या माणसाने आपल्याकडे पहिल्यांदा काही मागितलंय. आणि जे मागितलंय, ते आपल्याकडे आहे."

सकाळी अकराही दारांवर वेळापत्रक लागलं. फिनेलच्या बाटल्या सासूबाईंनी कुलपात घातल्या. नाश्त्याला त्या एकच विचारत, "कुणाचं राहिलंय?" मामांचं नेहमी राहिलेलं असे, त्यांना दोघांच्या देखरेखीखाली आणखी पपई मिळे. मेहुणा दर तासाला खाली जाऊन काटा बघून येई आणि वर आकडा सांगे. आकडा वाढला की टाळ्या पडत. पाचव्या दिवशी यंत्रातून हवा तसा, मातीसारखा वास आला. अभियंत्याने आनंदाने साडूला मिठी मारली. साडू बिचारा तेव्हा घाईत होता.

निरीक्षक आला. काटकुळा, हळू बोलणारा माणूस. त्याने बाटलीत पाणी घेतलं, उजेडात धरलं, थेंब टाकून तपासलं. तेवीस पाहुणे श्वास रोखून उभे होते.

"इतकं जिवंत यंत्र या बंदरात पाहिलं नाही," तो म्हणाला.

सासूबाईंनी डोळे पुसले. मामा उगीचच लाजले. नोकरी वाचली. अभियंत्याने दाखल्यासाठी हात पुढे केला.

"एक राहिलं," निरीक्षक पेन काढत म्हणाला. "नौकेवर कायम किती माणसं राहतात?"

अभियंत्याने तोंड उघडलं, पण सासूबाई आधी बोलल्या. "एकोणतीस."

निरीक्षकाने ते नीट लिहिलं, शिक्का मारला. "मग निदान एवढी ठेवा. जिवाणूंना आता या भाराची सवय झालीय. दर तीन महिन्यांनी येईन आणि आधी माणसं मोजेन. कमी भरली तर दाखला रद्द."

तो उतरून गेला. अभियंता दाखला हातात धरून उभा राहिला. बायको जवळ आली. आठवड्यात पहिल्यांदाच ती हसत होती.

"अहो, मोठे काका यायचे राहिलेत. त्यांना मालकाची खोली देऊ का?"