मी कशात चांगली आहे, सांगा

ऑनलाइन कोर्स काढणं हा माझ्या डाव्या हातचा मळ आहे, असं मी जाहीर केलं तेव्हा उजवा हात बाळाखाली अडकला होता, हे आधीच सांगून टाकते. लिनेआ दूध पिता पिता झोपली होती. ती झोपली की मला जगातली सगळी कामं सोपी वाटायला लागतात. ती उठली की वाटेनाशी होतात.

माझा बेत सरळ होता. मी एका पीकविमा कंपनीत तक्रारी ऐकते. गारपिटीने मका झोपला की शेतकरी मला फोन करतात आणि गारा मीच पाडल्यासारखे बोलतात. बाळंतपणाची रजा संपत आली होती आणि येत्या सोमवारी ड्वाइटसाहेबांना, म्हणजे आमच्या ऑफिसच्या मुख्यांना, मी कामावर येतेय की नोकरी सोडतेय ते कळवायचं होतं. मला जायचं नव्हतं. लिनेआला नुकतंच हसू फुटलं होतं. हसायच्या आधी ती क्षणभर भुवया उंचावते, जणू हसावं की नाही याचा विचार करते, आणि मग सगळंच्या सगळं बोळकं उघडते. ते पाळणाघरातल्या कुणा बाईला दिवसभर बघायला मिळणार आणि मी गारांच्या आकारावर वाद घालत बसणार, हा विचारच मला सोसत नव्हता. पण एकट्या कर्टच्या पगारात घर भागत नाही. म्हणून घरबसल्या कमाई. म्हणून कोर्स.

"कर्ट, मी ऑनलाइन कोर्स काढतेय," मी नवऱ्याला सांगितलं.

कर्ट दारात बूट काढत होता. तो रस्त्यावरचा बर्फ हटवणारी गाडी चालवतो. शब्दांचा साठा त्याच्याकडे मुळातच कमी, त्यामुळे जपून वापरतो.

"बरं," तो म्हणाला. दुसरा बूट काढून झाल्यावर म्हणाला, "कशाचा?"

"ते ठरवायचंय अजून."

"हं. जरा वेगळंच आहे."

मिनेसोटात 'जरा वेगळंच आहे' याहून कडक टीका नाही. घर पेटलेलं दिसलं तरी आम्ही आधी तेवढंच म्हणतो. मी दुर्लक्ष केलं. थोर माणसांच्या घरच्यांना त्यांची थोरवी कधी कळली आहे?

मी डायपरच्या रिकाम्या खोक्यावर विषय लिहायला बसले. मला काय काय येतं? एका हाताने अंडं फोडता येतं. बाळ भुकेने रडतंय की पोटात वायू धरलाय ते ओळखता येतं, निम्म्या वेळा बरोबर. फोनवर ओरडणाऱ्या माणसाला गप्प करता येत नाही, पण त्याचं ऐकता ऐकता नखं छान कापता येतात. या विद्येसाठी लोक दारात रांगा लावतील असं काही वाटेना.

मग मला कँडिस भेटली. म्हणजे फोनच्या पडद्यावर भेटली. ही अ‍ॅरिझोनात एका पांढऱ्याशुभ्र सोफ्यावर बसून लोकांना कोर्स काढायला शिकवते. घरात लहान मूल नसल्याचा त्या सोफ्याइतका भक्कम पुरावा मी आजवर पाहिलेला नाही. तिच्याकडे शिकलेल्या बायका पुढे काय शिकवतात म्हणाल, तर कोर्स कसा काढावा ते. म्हणजे धंदा जोरात चाललाय.

कँडिसचं म्हणणं असं, की विषय तुमच्या डोक्यात नसतोच, तुमच्या माणसांच्या डोक्यात असतो. त्यांना विचारा, मी कशात चांगली आहे? तुम्हाला माझ्याकडून काय शिकायला आवडेल? आणि मग हळूच विचारा, तुमचं सगळ्यात मोठं दुःख कोणतं? जिथे दुःख तिथे कोर्स.

कँडिस उन्हाच्या प्रदेशात राहते. तिकडे लोक एकमेकांना असं विचारत असतील. आमच्याकडे स्वतःविषयी बोलणं म्हणजे जेवणाच्या टेबलावर पाय ठेवण्यासारखं. माझे आजोबा छतावरून पडून पाय मोडून आले तेव्हा "आज जरा लवकर आलो" एवढंच म्हणाले होते. त्यांच्या नातीने चर्चमधल्या बायकांच्या ग्रुपवर, एका अंगठ्याने, भर दुपारी लिहिलं: "मी कशात चांगली आहे असं तुम्हाला वाटतं? अगदी मनापासून सांगा."

ग्रुप गप्प झाला. एरवी कुणाची मांजर हरवली तरी धडाधड पन्नास उत्तरं येतात. आता एक अंगठासुद्धा नाही. मला वाटलं, विचार करतायत. गुण पुष्कळ असले की वेळ लागतोच.

तासाभरात बेल वाजली. समोरच्या मार्लिसकाकू दारात. हातात फॉइल लावलेली मोठी काचेची थाळी.

"इकडून जातच होते, म्हटलं डोकवावं," काकू म्हणाल्या. आमचं घर रस्त्याच्या टोकाला आहे. पुढे फक्त गोठलेलं तळं.

"या ना काकू. माझा मेसेज वाचलात का?"

"वाचला गं बाळ." त्यांनी आवाज इतका खाली आणला की मला वाटलं घरात कुणीतरी गेलंय. "हॉटडिश आणलंय. खिमा आहे, वर बटाट्याचे गोळे. खाऊन घे आधी. तू कशी आहेस?"

"मी? मजेत आहे."

"हं," काकू म्हणाल्या, आणि लिनेआच्या मानेखालच्या वळ्या नीट पुसलेल्या आहेत का ते चोरून बघितलं.

मला वाटलं, ही नामी संधी. कोर्सचं पहिलं गिऱ्हाईक आपल्या पायांनी चालत आलंय. मी कँडिससारखी मान तिरकी करून विचारलं, "काकू, तुमचं सगळ्यात मोठं दुःख कोणतं?"

काकू पांढऱ्याफटक पडल्या. त्यांचं उभं आयुष्य या गावात गेलं, पण हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांच्या नवऱ्यानेही नाही, आणि तो तर चांगला माणूस होता. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, छताकडे पाहिलं, आणि शेवटी म्हणाल्या, "माझ्या गॅरेजचा दरवाजा नीट लागत नाही."

मी खोक्यावर लिहून घेतलं: गॅरेज.

काकू त्यानंतर जेमतेम दोन मिनिटं टिकल्या, आणि आमच्याकडे नुसता निरोप घ्यायलाच अर्धा तास लागतो. तिथेच मी ओळखायला हवं होतं.

दुसऱ्या दिवसापासून थाळ्या सुरू झाल्या. गावाने माझ्यासाठी जेवणाच्या पाळ्या लावल्या होत्या. असं आमच्याकडे कुणाचं ऑपरेशन झालं, कुणी गेलं, किंवा कुणाचं डोकं ठिकाणावर नसलं की करतात. मला कुठल्या सदरात घातलंय ते कुणी सांगेना. टूना माशाचं हॉटडिश आलं, कोंबडीचं आलं, गाजर घातलेली हिरवी जेली थरथरत आली. प्रत्येक थाळीच्या बुडाला मालकिणीच्या नावाची चिकटपट्टी. फ्रीज भरला, गॅरेजमधला फ्रीझर भरला, मग उरलेल्या थाळ्या मी मागच्या ओट्यावर बर्फात पुरून ठेवल्या.

मग चर्चच्या पास्टरबाई आल्या. जोअनबाई एरवी बोलायला मोकळ्या, पण त्या दिवशी अशा जपून बसल्या जणू मी कालच्या रात्रीत गोठलेलं तळं आहे.

"ब्रिटा, देवाने तुला खूप गुण दिलेत."

"कोणते?" मी पेन उचललं.

जोअनबाई गडबडल्या. लिनेआने त्यांच्याकडे बघून भुवया उंचावल्या. बाईंनी बराच विचार केला. शेवटी त्यांचा चेहरा उजळला. "तू कधी कुणाला त्रास देत नाहीस."

"अजून?"

"वेळेवर येतेस."

"शिकण्यासारखं असं काही?"

"आणि पार्किंग," बाई घाईने म्हणाल्या, "गाडी अगदी सरळ लावतेस तू."

इतक्या वर्षांची ओळख, आणि गाडी सरळ लावते. मी तेही लिहून घेतलं. निघताना बाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि गावातल्या समुपदेशक बाईंचा नंबर दिला.

आता मात्र माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कोर्स राहिला बाजूला, मला आजारी ठरवलं होतं. मी तडक ग्रुपवर लिहिलं: "कृपया काळजी नसावी. मी अगदी ठीक आहे. मी फक्त एका ऑनलाइन कोर्ससाठी विषय शोधत होते."

सगळ्यात मोठी चूक हीच. आमच्याकडे माणूस खरंच ठीक असेल तर 'चाललंय' म्हणतो. 'अगदी ठीक' फार झालं. त्यात 'कोर्स'. त्या संध्याकाळी आमच्या दारातला बर्फ तीन वेगवेगळ्या माणसांनी येऊन काढला. कर्टने आधीच काढलेला होता. ते जमीन खरवडून गेले.

"डेपोत सगळे माझ्याशी चांगले वागतायत," कर्ट जेवताना म्हणाला.

"मग?"

"भीती वाटते." त्याने हॉटडिश चिवडलं. "आज सगळे माझ्या गाडीच्या इंजिनाभोवती उभे राहिले. कुणी काही बोललं नाही. मग एकाने माझ्या खांद्यावर हात ठेवला."

"तू सांगितलंस का, की ती बरी आहे म्हणून?"

"सांगितलं. तेव्हाच ठेवला."

मार्लिसकाकू पुन्हा आल्या त्या शुक्रवारी. हातात काही नव्हतं, याचं मलाच नवल वाटलं. कोट न काढता खुर्चीच्या कडेला बसल्या.

"ते दरवाज्याचं मी खोटं बोलले. म्हणजे दरवाजाही लागत नाहीच. पण ते नाही."

मी लिनेआ त्यांच्या मांडीवर दिली.

"मुलगा दर रविवारी फोन करतो," काकू बाळाकडे बघत म्हणाल्या. "हवा कशी आहे विचारतो. मी सांगते. तो तिकडची सांगतो. मग आम्ही फोन ठेवतो." लिनेआने त्यांचं बोट पकडलं होतं. "मला त्याला विचारायचं असतं की तू सुखात आहेस का रे. पण मध्येच असं कसं विचारायचं? हवेनंतर ते येतच नाही."

यावर कोर्स निघत नाही. निघत असेल तर कँडिसला माहीत. मी कॉफी केली, आणि काकू अंधार पडेपर्यंत बसल्या. त्यांच्यानंतर आणखी दोघी येऊन गेल्या, अशाच रिकाम्या हाताने, अशाच खुर्चीच्या कडेला बसून. लिनेआ मांड्या बदलत राहिली. मला बरं वाटलं, नाही असं नाही. पण शनिवार संपला तरी माझ्या खोक्यावर दोनच विषय होते, गॅरेज आणि पार्किंग, आणि सोमवार काही माझ्यासाठी थांबणार नव्हता. मी लिनेआचे छोटे मोजे पाळणाघराच्या पिशवीत भरले. परत काढले. परत भरले.

रविवारी चर्च सुटल्यावर बेल वाजली. दारात ड्वाइटसाहेब, टोपी हातात, बायकोने दिलेला सूपचा डबा काखेत.

"इकडून जातच होतो," साहेब म्हणाले.

"साहेब, मी उद्या कळवणारच होते..."

"त्याचसाठी आलो. काही कळवू नकोस." ते माझ्याकडे न बघता पायपुसण्याशी बोलत होते. "आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय. प्रत्येकाने आपल्या शिल्लक रजेतली थोडी तुझ्या नावावर केलीय. भरपगारी. उन्हाळ्यापर्यंत पुरेल. लाइलने तर मासेमारीच्या हंगामातल्या पहिल्या दिवसाची दिली."

लाइल आमचा हिशेबनीस. बायकोच्या प्रसूतीलासुद्धा त्याने मासेमारीचा पहिला दिवस चुकवला नव्हता.

"साहेब, नको," मी म्हटलं. "मी आजारी नाहीय. मला घरून करता येण्यासारखा कोर्स काढायचा होता, म्हणून विचारलं होतं सगळ्यांना."

"कसला कोर्स?"

"तेच तर सापडत नव्हतं."

साहेबांनी मान हलवली, अगदी हळुवार, जशी ते गारांनी सगळं पीक गेलेल्या माणसासमोर हलवतात. "असू दे. घे रजा."

"नाही, खरंच नको साहेब. मला पटत नाही ते. लाइलला सांगा, त्याची त्याला राहू दे."

"घे गं."

आता आमच्याकडे रीत अशी, की कुणी कॉफी दिली तरी दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायची. पहिले दोन नकार कुणी मोजतच नाही, ते नुसते सभ्यपणाचे. माझे दोन्ही अगदी खरे होते, पण ते सभ्यपणातच जमा झाले. खरं बोलायला आता एकच नकार उरला होता. साहेब वाट बघत होते. माझ्या खांद्यावर लिनेआ जागी झाली, तिने ओली मूठ माझ्या हनुवटीवर ठेवली आणि साहेबांकडे बघून भुवया उंचावल्या. मला ठाऊक होतं आता काय येणार. आलंच. सगळंच्या सगळं बोळकं.

"बरं," मी म्हटलं. "तुम्ही इतकं म्हणताय तर."

तर मी सध्या घरी असते. मी खरं सांगितलं होतं, तेही दोनदा, साहेबांच्या तोंडावर, याची कृपया नोंद घ्या. फक्त बाहेर पडताना चेहरा थोडा उतरलेला ठेवावा लागतो, आणि नेमकं तेच मला येत नाही. काल किराणा दुकानात लिनेआ इतकी मजेशीर शिंकली, की मी भाज्यांपुढे उभी राहून खळखळून हसले. मागून एक बाई दुसरीला हलकेच म्हणाल्या, "किती धीराची आहे बिचारी." आणि कोबीच्या ढिगाआडून लाइलने मला टोपी काढून नमस्कार केला.

मी हसू गिळलं, आणि कोबी न घेताच घरी आले. उन्हाळा अजून बराच लांब आहे.